मोठ्या मुलांसाठी दिलेली आज्ञा

वसईतल्या कॅथलिक घरात आईबापाचा मान राखणं ही चौथी आज्ञा. अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट मंडळीत तीच पाचवी. बायबल एकच, आज्ञाही दहाच. पण मूळ मजकुरात त्यांना आकडे घातलेले नाहीत, त्यामुळे मोजणीचा घोळ झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने मूर्ती न करण्याची आज्ञा पहिलीतच धरली आणि दहाचा हिशेब जुळवण्यासाठी लोभाविषयीची शेवटची आज्ञा दोन भागांत फोडली. कॅथलिकांनी हीच मोजणी घेतली, लूथरनेही ती तशीच ठेवली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट आणि पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स मात्र ज्यूंप्रमाणे आईबापाच्या आज्ञेला पाचवी मानतात.

आकड्यापेक्षा तिची जागा अधिक बोलकी आहे. आधीच्या आज्ञा देवाविषयी आहेत: दुसरे देव नकोत, मूर्ती नको, नाव व्यर्थ घेऊ नये, शब्बाथ पाळावा. नंतरच्या शेजाऱ्याविषयी: खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, लोभ. या दोहोंच्या मधोमध आईबाप. येशूचाच समकालीन असलेला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने ही गोष्ट हेरली होती. ही आज्ञा दहा आज्ञांच्या दोन्ही पाट्यांच्या सीमेवर उभी आहे, असं त्याने लिहिलं. कारण जीव जन्माला घालण्याच्या कामात आईबाप देवाच्या बाजूचे आणि मर्त्य म्हणून माणसांच्या बाजूचे. आणखी एक वेगळेपण असं की दहांपैकी दोनच आज्ञा ‘हे कर’ म्हणून सांगतात, शब्बाथची आणि ही. बाकी सगळ्या ‘करू नको’च्या आहेत.

ही आज्ञा आपण लहान मुलांना शिकवतो. संडे स्कूलच्या पुस्तकात तिच्या शेजारी बहुधा आईचं ऐकणारं एखादं गुणी बाळ काढलेलं असतं. शिकवायला हरकत नाही, पण सिनायच्या पायथ्याशी मोशेपुढे उभी असलेली माणसं प्रौढ होती. शेजाऱ्याच्या बायकोचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको, न्यायसभेत खोटी साक्ष देऊ नको, हे सात वर्षांच्या पोराला सांगायचं नसतं. त्याच श्रोत्यांना आईबापाचा मान राखायला सांगितलं आहे. म्हणजे ही आज्ञा ज्याच्या हाती आता शेत, मेंढरं आणि घर आलं आहे आणि ज्याचे आईबाप आता त्याच्या ताटावर अवलंबून आहेत, अशा कर्त्या मुलासाठी आहे. तिच्याबरोबरचं वचनही त्याच बेताचं: देव देत असलेल्या भूमीवर तू पुष्कळ काळ राहशील. ज्या समाजात पेन्शन नाही आणि वृद्धाश्रमही नाही, तिथे म्हाताऱ्यांना टाकणारी पिढी स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज मोडत असते.

बाकीचं नियमशास्त्र वाचलं की हे आणखी स्पष्ट होतं. बापाला किंवा आईला मारणाऱ्याला आणि शाप देणाऱ्याला ‘निर्गम’मध्ये मृत्युदंड सांगितला आहे. ‘अनुवाद’मध्ये हट्टी, खादाड, दारुड्या मुलाला गावच्या वेशीपाशी वडीलधाऱ्यांपुढे नेऊन दगडमार करण्याची तरतूद आहे. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातली अट पाहण्यासारखी आहे. बाप एकटा निकाल देऊ शकत नाही. आई आणि बाप दोघांनी मिळून गावापुढे तक्रार करायची. पुढे ज्यू धर्मपंडितांनी या कलमाला इतक्या अटी जोडल्या की अशी शिक्षा कधी झालीच नाही, असं एक मत त्यांच्याच चर्चांच्या संग्रहात, तालमूदमध्ये, नोंदलेलं आहे. ‘लेवीय’मध्ये हाच आदर सांगताना आईचं नाव बापाच्या आधी येतं. आणि मान राखणं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं तालमूदचं उत्तर अगदी घरगुती आहे: खायला-प्यायला घालायचं, कपडे घालायचे, पांघरूण घालायचं, हात धरून आत-बाहेर न्यायचं. यादीत भावनेचा उल्लेखही नाही. ही शुश्रूषेची यादी आहे.

ख्रिस्ती विश्वासात या आज्ञेचा कणा ठरलेला प्रसंग मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. मत्तयानेही तो दिला आहे. वाद सुरू झाला हात धुण्यावरून. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात, पूर्वजांची रीत मोडतात, अशी तक्रार यरुशलेमहून आलेल्या शास्त्री-परूश्यांनी केली. येशूने हात धुण्याचं उत्तर बाजूला ठेवलं आणि त्यांच्या एका नवसावर बोट ठेवलं. त्या नवसाचं नाव कुर्बान.

तो चालायचा असा. माणूस आपल्या आईबापाला म्हणे, माझ्याकडून तुम्हांला जो लाभ झाला असता तो मी देवाला वाहिला आहे. एवढं बोललं की ती मालमत्ता त्या आईबापापुरती निषिद्ध झाली. ती लगेच मंदिरात नेऊन दिली पाहिजे असंही नव्हतं. ती मुलाच्याच घरात राहू शके, तो ती वापरू शके, फक्त आईबापाला तिच्यातला घासही चालत नसे. रागाच्या भरात केलेला नवस असो की हिशेबाने केलेला, देवापुढे बोललेला शब्द फिरवणं पाप, म्हणून धर्मशास्त्री तो मोडू देत नसत. यरुशलेमच्या आग्नेयेला सापडलेल्या त्या काळातल्या एका अस्थिपेटीच्या झाकणावर अरामी भाषेत अशाच धाटणीचा मजकूर कोरलेला आहे: पेटीत जे काही सापडेल ते देवाचं अर्पण समजावं. हात लावणाऱ्याला अडवण्यासाठी तिथे देवाचं नाव कुंपण म्हणून वापरलं होतं.

तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये बेथ-होरोन गावची एक हकीकत आहे. तिथल्या एका माणसाच्या बापाला अशाच नवसाने मुलाकडचं काही घेणं बंद झालं होतं. मुलाच्या घरी नातवाचं लग्न निघालं. आजोबा जेवायला कसे येणार? मुलाने युक्ती काढली. अंगण आणि जेवण मित्राला दान दिलं; हे तुझं, फक्त माझ्या बापाला इथे जेवू दे. मित्र भलताच निघाला. माझं आहे ना, मग मी ते देवाला वाहतो, असं म्हणून मोकळा झाला. त्यावर यजमान चिडला: तू ते देवाला वाहावंस म्हणून दिलं होतं का? पंडितांनी यावरून दानाचं तत्त्व काढलं की घेणाऱ्याला वाहून टाकता येत नाही ते दान खरं दान नव्हे. मला मात्र त्या लग्नघरातले आजोबा दिसतात. मांडव पडला आहे, पंगत बसली आहे, आणि नातवाच्या लग्नात जेवण्यासाठी त्यांना कायद्याची पळवाट लागते आहे.

येशूचा आक्षेप नेमका इथे होता. देवाची आज्ञा मोडण्यासाठी तुम्ही देवालाच पुढे करता, असं त्याचं म्हणणं. आईबापाच्या तोंडचा घास काढून वाहिलेलं अर्पण देवापर्यंत पोचत नाही. हा प्रसंग सांगताना सगळ्या ज्यू पंडितांना एकाच रंगात रंगवण्याची खोड ख्रिस्ती उपदेशकांना आहे, आणि ती चुकीची आहे. मिश्नातच रब्बी एलिएझरचं मत आहे की आईबापाच्या मानाचं कारण देऊन नवसातून सुटका करून घेता यावी. आणि नवस खुद्द आईबापाच्या हक्कावर येत असेल तर बाकीच्या पंडितांनीही ते मान्य केलं. म्हणजे हा वाद ज्यू धर्माच्या आतलाच होता आणि पुढे तिथेही निकाल म्हाताऱ्यांच्या बाजूने लागला.

म्हातारपणाबद्दल सगळ्यांत हळवं लिहिणारा लेखक बेन सिरा. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी यरुशलेममध्ये त्याने आपला ग्रंथ हिब्रूत लिहिला, आणि त्याच्या नातवाने इजिप्तमध्ये जाऊन तो ग्रीकमध्ये आणला. आजोबाच्या पुस्तकासाठी नातवाने कष्ट घ्यावेत, हे त्या पुस्तकाला शोभणारंच. तिसऱ्या अध्यायात तो मुलाला सांगतो की बापाची बुद्धी चळली तरी सांभाळून घे, तुझ्या अंगात जोर आहे म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस. घरात विस्मरणाचा आजार असलेलं माणूस ज्याने सांभाळलं आहे, त्याला हे दोन हजार वर्षांपूर्वीचं वाटणार नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नाही. कॅथलिक चर्चमध्ये मात्र नाताळानंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, तो भाग वाचला जातो.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हीच व्यवहारी वाट धरली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचे नियम आहेत. मंडळीने पोसायची ती साठीच्या पुढची आणि खरोखर निराधार बाई. जिला मुलं-नातवंडं आहेत तिचं ओझं मंडळीवर टाकू नये, त्यांनी आधी आपल्या घरी धर्म शिकावा. जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, इतकं कडक वाक्य तिथे आहे. दानपेटीत पैसे टाकून आईला मंडळीच्या दारात बसवणाऱ्या मुलाला हे उत्तर होतं.

इफिसकरांच्या पत्रात दुसरी बाजूही येते. मुलांनी आज्ञा पाळावी म्हटल्यावर लगेच बापांना बजावलं आहे की मुलांना चिडीला आणू नका. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख बापाला मुलांवर जिवंत असेपर्यंत अधिकार होता. नवजात मूल ठेवायचं की टाकायचं हेही तोच ठरवी. अशा साम्राज्यात बापाला कर्तव्य सांगणं ही साधी गोष्ट नव्हती.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण शुभवर्तमानं वाचणाऱ्याला लवकरच ठेच लागते. हाच येशू बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असं सांगितल्यावर तो भोवती बसलेल्यांकडे पाहून, हीच माझी आई आणि हेच माझे भाऊ, असं म्हणतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात तर शिष्य होऊ पाहणाऱ्याने आईबापाचा द्वेष करावा, अशी भाषा आहे. मत्तयात तेच माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही, असं सौम्य होऊन येतं. टीकाकार म्हणतात की ही अतिशयोक्तीची सेमेटिक बोली आहे, द्वेष म्हणजे दुय्यम मानणं. हे खरं असलं तरी धार जात नाही. ख्रिस्ती विश्वासात आईबापाचा मान मोठा आहे, पण सर्वोच्च नाही. त्यांच्यावर देव आहे, आणि तो बोलावतो तेव्हा त्यांचा हात सुटू शकतो.

हा हात किती कठोरपणे सुटतो ते असिसीच्या फ्रान्सिसने दाखवलं. 1206 च्या सुमारास बिशपसमोर त्याने कापडव्यापारी बापाला अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून परत केले आणि आता माझा बाप स्वर्गातला, असं जाहीर केलं. चर्चने त्याला संत केलं. त्या बापाची, पिएत्रो बर्नार्दोनेची, बाजू मात्र कुणी फारशी ऐकून घेतली नाही. उलट येशूचं स्वतःचं शेवटचं वागणं बघा. योहानाच्या शुभवर्तमानात, क्रुसावर असताना, तो आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या स्वाधीन करतो आणि शिष्य तिला आपल्या घरी नेतो. कठोर वचनं बोलणाऱ्याने आईच्या राहण्याजेवणाची सोय लावूनच प्राण सोडला.

महाराष्ट्रात हा पेच कोर्टात गेला होता. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. तो जेमतेम बारा वर्षांचा होता. बापाने कोर्टात धाव घेतली आणि न्यायाधीशाने अज्ञान मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला तो त्याला जातीत परत घेण्याचा. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू उचलून धरली आणि सनातन्यांशी मोठा वाद झाला. नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली.

त्या काळच्या बापांचा आकांत समजायचा तर श्राद्धाचा विचार करावा लागतो. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे फक्त देव बदलला असं नव्हे. अग्नी देणारा आणि पिंड ठेवणारा हात गेला. आईबापाचा मान राखा असं शिकवणारा धर्मच मुलाला मान राखण्याचं सर्वांत मोठं कर्म करू देत नव्हता. याला मिशनऱ्यांकडे समाधानकारक उत्तर नव्हतं, असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंना तेवढा पेच पडला नाही, कारण त्यांचे आईवडील 1874 च्या सुमारास, दुष्काळात भटकत असतानाच वारले होते आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, इंग्लंडात. आईला नेताना खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी म्हणून त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली. पुढे याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं.

चीनमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ धुमसला. पूर्वजांच्या नामफलकापुढे वाकणं ही पूजा की नुसता मान? जेझुइट म्हणत मान, त्यांचे विरोधक म्हणत मूर्तिपूजा. रोमने 1715 आणि 1742 मध्ये बंदी घातली आणि 1939 मध्ये ती उठवली. दरम्यान चीनच्या बादशहानेही ख्रिस्ती धर्मप्रचारावर बंदी आणली होती. आपल्याकडे अशी सरळ तडजोड झाली नाही, पण माणसांनी आपापल्या वाटा काढल्या. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुंबई-वसईची कॅथलिक कुटुंबं आईबापाच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. गोव्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरातली लहानथोर वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, तरी स्मरणाची उपासना ठेवतात.

आता एक अवघड प्रश्न. बाप मारहाण करणारा असेल, आई छळणारी असेल, तर? आज्ञेला ‘चांगल्या आईबापाचा’ अशी पुस्ती जोडलेली नाही, हे खरं. पण मान आणि आज्ञापालन या दोन गोष्टी ख्रिस्ती शिकवणीने वेगळ्या ठेवल्या आहेत. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथानुसार मूल स्वतंत्र झालं की आज्ञा पाळण्याचं बंधन संपतं, आदर मात्र उरतो. आणि अज्ञान मुलालाही आपली सद्सद्विवेकबुद्धी पाप म्हणते ती गोष्ट आईबापाने सांगितली तरी करायची नसते. व्यवसाय आणि जोडीदार निवडताना आईबापाने दबाव आणू नये, हेही त्यात आहे. ‘बायबल सांगतं’ म्हणून पन्नाशीच्या मुलाने आईच्या हुकुमावर बायकोला वागवावं, असा अर्थ लावणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. छळणाऱ्या बापाचं औषधपाणी करायचं आणि त्याच्या काठीच्या टप्प्याबाहेर राहायचं, हे दोन्ही एकाच वेळी या आज्ञेत बसतं.

शेवटी पैशाचं बोलायला हवं, कारण कुर्बानाची गोष्ट मुळात पैशाचीच आहे. हिंदूंच्या दत्तक व पोटगी कायद्यात आईबापाला पोसण्याचं बंधन आहे. ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात तसं कलम नाही. ख्रिस्ती आईबापाला सर्वधर्मीयांसाठीच्या कायद्यांकडे जावं लागतं: फौजदारी प्रक्रियेतली पोटगीची तरतूद आणि 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा. ही जबाबदारी मुलीवरही, लग्न झालेल्या मुलीवरही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला.

वारशाचं तर आणखी नवल. भारतीय वारसा कायदा, 1925 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाला बायको आणि मुलं असतील तर एक तृतीयांश बायकोला, उरलेलं मुलांना. आईबापाला काहीही नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, इथे तिचं नावही नाही. मूल नसेल तर बायकोला अर्धं आणि उरलेलं अर्धं बापाला. आईला काही मिळायचं तर बाप आधी वारलेला असावा लागतो, आणि तेव्हाही ती मुलाच्या भावाबहिणींबरोबर वाटेकरी. विधी आयोगाने 2014 च्या 247 व्या अहवालात ही असमानता काढण्याची शिफारस केली. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे.

1925 च्या याच वारसा कायद्यात कुर्बानाचा एक धागाही होता. कलम 118 नुसार पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायाला मालमत्ता ठेवायची तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेलं असावं लागे. मरणशय्येवर धर्माच्या नावाने घर रिकामं होऊ नये, हा हेतू. ही अट इतरांना नसून ख्रिस्ती लोकांनाच का, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते कलम 2003 मध्ये रद्द केलं. निकाल योग्यच होता, पण आता आईबापाला वगळून सगळं देवळाला देणाऱ्याला अडवणारं काही उरलं नाही.

तेव्हा ज्या ख्रिस्ती वाचकाचे आईवडील हयात आहेत त्याने मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नये, नाहीतर त्याचा वाटा जातो. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: या कायद्यात लग्न झालं की आधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. अविवाहित असताना आईच्या नावे काही लिहून ठेवलं असेल, तर लग्नानंतर ते पुन्हा लिहा.